दुसरी काठी

याडी, तुझ्या धाकट्या सुनेनं होळीच्या दुसऱ्या दिवशी एका पोलिसाचा हात मोडला, हे तुला कुणी सांगितलं नसेल. तू असतीस तर आधी हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, काठी कशाची होती, निंबाची की बाभळीची. धुंडीच्या खुंट्याभोवती तू उभी असायचीस तेव्हा तांड्यातले दांडगे गडी लांबूनच फेऱ्या मारायचे. तुझ्या काठीचे वळ आठवडाभर मिरवणारे लोक बोरी अरबच्या बाजारात सदरा वर करून एकमेकांना पाठ दाखवायचे. त्यांतला एकही कधी ठाण्यात गेला नाही. जाणार कशाला? खेळात उतरला तो मार खाणारच, हे त्याला माहीत, तुला माहीत, तांड्याला माहीत. ज्याला हे माहीत नाही असा माणूस त्या रिंगणात शिरेल, असं मात्र आपल्यापैकी कुणाच्या मनात कधी आलं नाही.

हे मी मराठीत लिहिते आहे, याचा तुला राग येईल. हाक याडी म्हणून मारायची आणि पुढचं सगळं, लोक आईला शाळेच्या भाषेत लिहितात तसं लिहायचं. आपली गोरबोली मला बोलता येते, स्वप्नंही तिच्यातच पडतात, पण कागदावर हात मराठीतच चालतो. तुला तर कोणत्याच भाषेतलं वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्या बाबतीत मी निश्चिंत आहे. आयुष्यभर मी उभी राहून बोलले. कोर्टात काळा कोट घालून बोलले, बाभुळगावपासून मुकुटबनपर्यंत तांड्यातांड्यांत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून बोलले. दारूवर, पोरींच्या शाळेवर, ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या हालांवर. लोक म्हणतात, बाईंच्या तोंडातून जाळ निघतो. निघत असेल. पण जाळाखाली लाकूड लागतं, आणि अलीकडे ते कमी पडायला लागलं आहे. आज बसून, हळू आवाजात बोलायचं आहे, आणि हळू आवाजात बोलावं असं मला तुझ्याखेरीज कुणी उरलेलं नाही.

तुझ्या वेळी धुंड फक्त मुलाच्या जन्माची. ज्या घरी वर्षभरात मुलगा झाला त्याच्या दारात होळीच्या दुसऱ्या दिवशी खुंटा रोवायचा, त्याला गोडाधोडाचं भांडं बांधायचं, बायांनी काठ्या घेऊन भोवती उभं राहायचं, आणि गेरिये, म्हणजे खेळणारे गडी, त्यांनी मार चुकवत ते भांडं पळवायचं. माझ्या दोन्ही भावांची धुंड झाली. माझ्या जन्मानंतरच्या होळीला घरात भाकर आणि मिरचीचा ठेचा होता, हे तूच मला सांगितलंस, आणि सांगताना तुला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं. मी मात्र त्यावर किती ठिकाणी आणि किती वर्षं बोलले असेन. शेवटी आपल्या तांड्याच्या नायकानं मान डोलावली, तीही पटून नाही, कंटाळून. सगळ्यांदेखत म्हणाला, "करून टाका रे पोरीची धुंड. नाई केली तं बाई अजून एक भाषण करतीन, आन् आपल्याले ते आयकत बसा लागन." सगळे हसले, मीही हसले. तुझ्या धाकट्या सुनेला, माझ्या भावजयीला, नात झाली होती, म्हणजे तुला पणती. आपल्या तांड्यातली ती पहिली पोरीची धुंड. सून एरवी अंगणवाडीत मदतनीस आहे, लेकरांची खिचडी शिजवते, कुणाशी वर आवाज करून बोलत नाही. त्या दिवशी तिनं तुझी पेटीतली घेरदार फेटिया आणि काचा लावलेली कांचळी काढून घातली आणि हातात काठी घेतली.

दुपारी एक पोलीस शिपाई मोटरसायकलवर आला. तांड्यातल्या एका माणसाच्या नावाचं समन्स त्याच्याकडे होतं, आपल्या घराशी त्याचा काही संबंध नव्हता. तो माणूस ऊसतोडीला बाहेर असतो आणि होळीला हमखास घरी येतो, हे ठाण्यात ठाऊक असल्यामुळे सणाचा दिवस निवडला होता. रंगाच्या दिवशी खाकी कोण घालणार, म्हणून साधे कपडे. आणि उन्हात गाडी चालवणारा आपल्याकडचा कुणीही करतो तेच त्यानं केलं होतं. डोक्याला, तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. तांड्याच्या तोंडाशी पोरांनी त्याच्यावर रंग ओतला. त्याला वाटलं, धुळवड आहे, चालायचंच. त्यानं नायक कुठे बसले आहेत ते विचारलं, कुणीतरी हात करून दाखवलं, आणि तो सरळ चालत निघाला. सरळ म्हणजे खुंट्यावरून.

आपल्या तांड्यात गेरिया कसा ओळखायचा हे तुला सांगायला नको, कोर्टाला मात्र फार समजावून सांगावं लागलं. कानशिलावर, नाकावर काठी बसू नये म्हणून आपले गेरिये डोकं आणि तोंड दुपट्ट्यानं आवळून बांधतात. डोळे तेवढे उघडे. याच्या अंगावर रंग, तोंडावर दुपट्टा आणि चाल थेट खुंट्याकडे. तुझ्या सुनेनं त्याच्या पाठीत काठी घातली. तो वळला, हात वर केला आणि म्हणाला, मी पोलीस हाय. यावर अख्खं रिंगण हसलं. कारण दर होळीला मार खाणारा कुणीतरी हेच म्हणतो. कुणी पोलीस होतो, कुणी तहसीलदार होतो, कुणी दुसऱ्या तांड्याचा जावई असल्याचं सांगून पाहतो. दुसरी काठी त्या वर केलेल्या हातावर बसली आणि मनगटापाशी हाड मोडलं. त्यानंतर त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून कुणी हसलं नाही. मी तेव्हा तिथे नव्हते. यवतमाळला एका सभेत बोलत होते, आणि मला वाटतं, त्याच सुमारास माझ्या सभेत टाळ्या पडत होत्या.

गुन्हा लागला तो साधा नव्हता. सरकारी माणसाला त्याचं काम करू न देण्यासाठी जबर दुखापत. यात शिक्षा झाली तर ती काही वर्षांची, आणि अंगणवाडीतलं काम तर निकालाच्या दिवशीच गेलं असतं. मी तांड्यात पोचले तोवर नायकानं सगळं ठरवून ठेवलं होतं. शिपाई नाल्यावर गाडी घसरून पडला, इथे आला तेव्हा त्याचा हात मोडलेलाच होता. मला म्हणाला, "बाई, तुमी फकस्त बोला. साक्षीचं आमी पाहून घेतो. कोर्टापुरता सारा तांडा आंधळा झाला समजा." मी म्हटलं, डॉक्टरचा कागद आंधळा होणार नाही. तर म्हणाला, त्या कागदावर काठी लिहिली हाय का दगड, ते तुमी पाहा, वकील तुमी हाय.

मग मी त्यांना कायदा सांगितला, तोच तुला सांगते. कायदा माहीत नव्हता असं म्हणणाऱ्याला कायदा सोडत नाही. पण समोरची गोष्ट जशी होती तशी दिसली नाही, प्रामाणिकपणे वेगळीच वाटली, आणि जशी वाटली तशीच ती असती तर केलं ते गुन्हा ठरलं नसतं, अशा माणसाला तो गुन्हेगार मानत नाही. अट एवढीच की त्यानं डोळे झाकून वागलेलं नसावं, नीट काळजीनं पाहिलेलं असावं. मधल्या काळात कायद्याचं पुस्तक बदललं, कलमांचे आकडे बदलले, ही गोष्ट आहे तिथेच राहिली. पण ही ढाल हातात घ्यायची तर आधी एक कबूल करावं लागतं, की मारलं. मारलंच नाही आणि चुकून मारलं, ही दोन वाक्यं एका तोंडातून निघाली की दोन्ही खोटी वाटतात. आणि एकदा मारलं म्हटलं की तुरुंग आणि घर यांच्यामध्ये उरतो तो त्या बाईचा शब्द. त्यावर विश्वास बसला तर बसला. नायकानं हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजे आपल्याच हातानं आपल्या गळ्यात दोर घालाचा. हेच शिकाले गेलत्या काय बाई तुमी नागपूरले?" या वेळी सगळे हसले, पण मी हसले नाही.

सुनेला मी तिच्या अंगणवाडीत जाऊन भेटले. ती खिचडी हलवत होती. पट्ट्यांवर लेकरं बसली होती, त्यांच्यापैकी एक माझ्या पर्सचा बंद ओढत होतं. नायकाचा बेत तिला ठाऊक होता आणि माझाही. ती म्हणाली, "नाल्यावर पडला म्हणू तं हे लेकरं का म्हणतीन, बाई? सारे खुंट्यापाशीच बसून होते. त्यायले मीच तं शिकवून राह्यली, खोटं बोलू नोका." एवढंच. तत्त्वाचं भाषण नाही, काही नाही. तिला तेवढ्या लेकरांसमोर उद्या परत डाव घेऊन उभं राहायचं होतं. मी मग वकील म्हणून विचारायचं ते विचारलं. काठी मारली त्या क्षणी तुला काय वाटलं होतं? तिनं डाव भांड्याच्या काठावर ठेवला आणि माझ्याकडे पाहत राहिली. पोलिसांनी विचारलं होतं किती मारल्या. नवऱ्यानं विचारलं होतं आता काय होईल. नायकानं विचारलं होतं कोणी कोणी पाहिलं. तिला काय वाटलं, हे कुणालाही विचारायचं सुचलं नव्हतं. मग खिचडीखालचा जाळ कमी करून ती म्हणाली, "मले वाटलं, पाहा बापा, आपल्या पोरीच्या धुंडीले दुसऱ्या तांड्याचे बी गेरिये येऊन राह्यले."

याडी, त्या वाक्यानं माझं काम सोपं झालं आणि त्याच वाक्यानं मला तुझा राग आला, इतक्या वर्षांनी. तुला ती शेळी आठवते का? मी आठ-नऊ वर्षांची. पेरणीआधीचे दिवस आहेत, तू धसकटं वेचायला गेली आहेस, घरात मी आणि दाव्याला शेळी. चुलीमागच्या कोपऱ्यात एक गाडगं असतं, त्यात शेळीची सरकी. पेरायच्या सरकीला तू किडीची विषारी पावडर चोळली आहेस आणि तिचं मडकं फुटलं म्हणून ती शेळीच्या गाडग्यात ठेवून गेली आहेस. हे मला माहीत नाही. खोपटात अंधार आहे, शेळी ओरडते आहे, रोजच्या जागचं रोजचं गाडगं मी उचलते आणि तिच्यापुढे ओतते. तू येतेस तेव्हा शेळी पाय ताणून पडलेली असते. तू फुंकणी उचलतेस. मी म्हणते, चुकून झालं. तू म्हणतेस, चुकून काही होत नसते, डोळे कायले देले देवानं. फुंकणी मोडेपर्यंत तू मारलंस. मी काय पाहिलं होतं, मला काय वाटलं होतं, तू विचारलं नाहीस. पुढच्या बाजाराला बोरी अरबहून तू शेळीची एक पाठ आणलीस, काळी, कानावर पांढरा ठिपका असलेली. तिची दोरी माझ्या हातात दिलीस आणि काही न बोलता चूल पेटवायला बसलीस. ते माझं सुटणं होतं, हे कळण्याइतकी मी मोठी होते. पण तू मला सोडलंस ते माया म्हणून, मी खरी होते म्हणून नव्हे. या दोहोंत फार अंतर आहे, आणि त्या अंतरावर मी माझं सगळं आयुष्य घालवलं. लोकांना वाटतं, मी वकील झाले ती अन्यायाच्या चिडीनं. चीड होतीच. पण काळ्या कोटाशी मी टिकून राहिले ती त्या एका प्रश्नामुळे. तेव्हा तुला काय वाटलं होतं? शिक्षा सुनावण्याआधी हे विचारणं ज्यांना बंधनकारक आहे अशी जागा मला कोर्टाखेरीज दुसरी सापडली नाही. तिथेही पुष्कळदा विचारायचं म्हणून विचारतात, पण विचारतात.

खटला उभा राहिला तेव्हा पहिला साक्षीदार तो शिपाईच. उंच, सावळा, तिशीतला माणूस. मी उलटतपासणीची जय्यत तयारी करून गेले होते आणि तो समोर आला तो अगदी साधा निघाला. दुपट्टा बांधला होता का? होता, ऊन होतं. रंग अंगावर होता का? पोरांनी टाकला होता. तिथे खेळ चालू आहे हे कुणी सांगितलं? नाही. कुणी अडवलं? नाही. पोलीस असल्याचं सांगितल्यावर काय झालं, असं मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मी पोलीस हाय म्हणलं, तं सारे हासले." हे सांगताना त्याचा चेहरा असा झाला की पुढचा प्रश्न विचारायचं माझ्या जिवावर आलं. हाड मोडल्याचं दुःख त्याला होतंच, पण त्या हसण्याचं कोडं त्याला अजून सुटलेलं नव्हतं. त्याचीही चूकच झाली होती. त्याला जी साधी धुळवड वाटली ती आपली धुंड होती. दोन माणसं समोरासमोर आली, दोघांनीही आपल्या परीनं नीट पाहिलं, दोघांनाही वेगळंच दिसलं, आणि मध्ये एक हाड मोडलं. मारणाऱ्याच्या चुकीसाठी कायद्यात जागा आहे. मोडलेल्या हातासाठी फक्त प्लास्टर आहे. यावर मी तीस व्याख्यानं देऊ शकले असते पूर्वी. आता नुसतं पाहत बसले.

आरोपीनं साक्ष द्यावीच अशी सक्ती नसते. सून आपणहून पिंजऱ्यात उभी राहिली, कारण तिच्या मनातली गोष्ट दुसरं कोण सांगणार. सरकारी वकील हुशार माणूस आहे, आवाज न चढवता कापतो. त्यानं पहिल्या काठीला हातच लावला नाही. म्हणाला, तो पोलीस आहे असं म्हणाला ते तुम्ही ऐकलं? ऐकलं. तुमच्या तांड्याच्या बोलीत म्हणाला? नाही, मराठीत. मग तरीही तो तुमच्या खेळातलाच वाटला? सून म्हणाली, "पोलिसाचं सोंग घ्याचं तं मराठीतच घ्या लागते ना, साहेब." कोर्टात हशा पिकला, न्यायाधीशांनीही खाली पाहिलं. मी मनातल्या मनात खटला जिंकून मोकळी झाले. तेवढ्यात त्यानं शेवटचा प्रश्न टाकला. म्हणजे दुसरी काठी मारतानाही तुमची पूर्ण खात्री होती, की हा खेळातलाच माणूस आहे?

हो म्हणायचं होतं. फक्त हो. माझ्या ऑफिसात, अंगणवाडीत, जेवढ्या वेळा आम्ही बोललो तेवढ्या वेळा ती खेळातला माणूस वाटला असंच म्हणाली होती, आणि ते खोटंही नव्हतं. पण असं दोन तुकडे करून तिला कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. ती गप्प झाली. मग ती न्यायाधीशांकडे वळून बोलली, "पह्यल्या काठीले खात्री होती. दुसरीच्या वक्ताले... सोंग घेणारा हासते, साहेब. थो हासून नोहता राह्यला. तवा मनात आलं, हा कोण होय. पण काठी निघाली होती." न्यायाधीशांनी विचारलं, निघाली होती म्हणजे काय? तिनं हात डोक्यावर नेला आणि खाली आणला, मधे कुठेही न थांबता. "मनात आलं आन् काठी लागली, संगंच. मी थांबवाले पाह्यजे होती. नाई थांबली."

सरकारी वकील बसला. त्याला हवं होतं त्याहून जास्त मिळालं होतं. शंका आली होती, हे आरोपीनं स्वतः सांगितलं. शंका आली की प्रामाणिक चूक संपते, असं तो पुढे युक्तिवादात म्हणाला, आणि पुस्तकाप्रमाणे ते बिनतोड होतं. मी उत्तर दिलं. चांगलं दिलं असावं, बाररूममध्ये लोक अजून त्याबद्दल बोलतात. दुपट्ट्याबद्दल बोलले, उन्हाबद्दल, खुंट्याबद्दल, शतकानुशतकं बैलांच्या पाठीवर मीठ लादून देश तुडवणाऱ्या आपल्या लोकांकडे बाहेरच्यांनी आणि त्यांनी बाहेरच्यांकडे कसं पाहिलं त्याबद्दलही बोलले. ते सगळं निकालपत्रात दोन ओळींत आलं आहे. सून सुटली ती माझ्या भाषणानं नाही. न्यायाधीशांनी लिहिलं की काठी उगारली तेव्हा तिचा समज खरा होता आणि तसा समज होण्यासारखीच परिस्थिती होती. शंका आली ती हात वाटेत असताना, आणि शंका आली हे कुणाला कधी कळलं नसतं. जी बाई स्वतःच्या विरुद्ध जाणारी एवढी बारीक गोष्ट विचारल्याबरोबर सांगते, तिच्या बाकीच्या सांगण्यावर विश्वास न ठेवायला कोर्टाला कारण दिसत नाही. निर्दोष. शिपाई मागच्या बाकावर बसला होता. बाहेर पडताना त्यानं तिच्याकडे पाहिलं, ती त्याच्याकडे गेली आणि त्याच्या मनगटाकडे बघून विचारलं, आता क्लच दाबता येते का. तो म्हणाला, येते, थंडीत दुखते.

तांड्यात गुलाल उधळला नाही कुणी. नायक म्हणाला, सुटली, बरं झालं. आणि मग ती गोष्ट म्हणाला जी मला आधीपासून ऐकू येतच होती. "पोरीची धुंड केली, म्हणून झालं हे. आपल्याले पचलं नाई." त्यानंतरच्या होळीला पोरीची धुंड झाली नाही. दोन पोरी जन्मल्या होत्या, त्यांच्या घरी काय शिजलं मी विचारलं नाही. दहा वर्षांपूर्वीची मी असते तर त्या नायकाला भर तांड्यात उभा आडवा सोलला असता. मी फक्त चहा घेतला आणि यवतमाळची गाडी पकडली. पुढच्या होळीच्या आत पुन्हा बोलावं लागेल, बोलेनही. पण ते जाळाचं बोलणं असेल की नुसतं सवयीचं, हे मला आज सांगता येत नाही.

एक गोष्ट वर लिहिताना मी गाळली. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात सून माझ्याजवळ आली, पाया पडायला वाकली, मी पडू दिलं नाही. ती म्हणाली, "बाई, थ्या दिवशी म्या घाबरून चूप बसली होती. तवा तुमी खुर्चीवरून उभ्या राह्यल्या. मले वाटलं, बाई सांगून राह्यल्या, बोल, खरं हाय ते बोल. म्हणून मले बोलता आलं." आता तिनं घरी, अंगणवाडीत, सगळीकडे हे सांगितलं आहे. लोक मला त्याबद्दल नमस्कार करतात. याडी, मी उभी राहिले होते ती तिला अडवायला. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं होतं की ती आता दुसऱ्या काठीचं सांगणार, आणि प्रश्नावर काहीतरी हरकत घेऊन मला तो क्षण मोडायचा होता. हरकत सुचली नाही, तेवढ्यात ती बोलायला लागली होती. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं, मी काही नाही म्हणून खाली बसले. माझा चेहरा तिनं नीट पाहिला होता, प्रामाणिकपणे पाहिला होता, आणि तिला वेगळंच दिसलं. व्हरांड्यात मला ते दुरुस्त करता आलं असतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, हो.